रीडिंगचा क्रॉमवेल

१ जानेवारी १९९३, शुक्रवार
रोजनिशी पुन्हा सुरू. मागच्या वर्षीची नऊ जानेवारीला थांबली, त्यात माझा दोष नव्हता. सर्दी होती.
यंदाचे संकल्प: चीज बंद. सकाळी चालणं. ऑफिसात केविनला तोंडावर 'नो' म्हणणं. आणि मुख्य म्हणजे मंडळात वर चढणं.
टेम्स खोरे महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीवर मी किती वर्षं आहे, आणि तेवढी वर्षं माझ्याकडे काय आहे? खुर्च्या. कार्यक्रमाआधी मांडायच्या, नंतर रचायच्या. स्टॅटिस्टिक्समधल्या एम.एस्सी. माणसाकडे खुर्च्या! आशा म्हणते, "अहो, पण तुम्ही छान रचता." बायकोकडून उत्तेजन मिळतं ते हे असं.
दुपारी: चालायला गेलो नाही. बाहेर बर्फासारखं काहीतरी पडत होतं.

३ जानेवारी, रविवार
लेकीचं, सीमाचं, ए-लेव्हल हिस्टरीचं पुस्तक सोफ्यावर उपडं पडलं होतं. सहज उचललं आणि जेवायला हाक येईपर्यंत खाली ठेवलं नाही.
थॉमस क्रॉमवेल. पटनीच्या लोहाराचा मुलगा. ना कूळ, ना वशिला. आठव्या हेन्रीच्या दरबारात शिरला आणि बघता बघता राजाचा उजवा हात. युक्ती एकच: राजाला काय हवंय ते राजाच्या आधी ओळखायचं.
हेन्री आपल्याकडे आहेच. पद्माकरराव. मेडनहेडला नदीकाठी घर, दातांचे दोन-तीन दवाखाने, मंडळाचे अध्यक्ष. निवडणूक दर वर्षी होते, अध्यक्ष तेच राहतात. देह हेन्रीचा, आवाज हेन्रीचा, राग त्याच्याहून वरचा. फरक एवढाच की हेन्रीला सहा बायका झाल्या. पद्माकररावांना एकच, तीही बिचारी आठ वर्षांपूर्वी गेली.
उपाध्यक्षाची जागा कधीची रिकामी आहे. पद्माकरराव म्हणतात, लायक माणूस दिसत नाही.
दिसेल. सप्टेंबरात गणपतीच्या वेळी सर्वसाधारण सभा असते. त्या सभेत उपाध्यक्ष म्हणून माझं नाव पुकारलं जाईल. लिहून ठेवतो.
चीज: एकच तुकडा. उघडलेलं पाकीट वाया जाऊ नये म्हणून.

१६ जानेवारी, शनिवार
आज संक्रांत. पंचांगातली गुरुवारीच झाली, पण आमचे सण हॉल मोकळा असेल त्या शनिवारी येतात. यंदा शनिवारीही आली नाही. कार्यवाह हरीशने हॉल बुक केला होता, पण त्याच वेळेला पेन्शनरांचा बॉलरूम डान्सही होता. म्हाताऱ्या काही केल्या हलेनात. आत वॉल्ट्झ आणि बाहेर कार पार्कमध्ये हळदीकुंकू. पद्माकररावांनी पावसात उभं राहून तिळगूळ वाटला. 'गोड बोला' हे शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारले की लहान मुलं आयांच्या मागे गेली.
मी त्यांच्यावर छत्री धरून उभा होतो. योग्य क्षण पाहून हलकेच म्हटलं, "हरीश गुणी आहे हो. पण..." आणि 'पण'वर थांबलो.
क्रॉमवेलही तिथेच थांबला असता.

२४ जानेवारी, रविवार
हरीश गेला. कार्यवाह मी!!
भगव्या सॅटिनचा बिल्ला मिळाला. घरी आल्यावरही काढावासा वाटेना. आशा म्हणाली, "निदान आंघोळीला तरी काढा."
हरीशचा फोन आला. म्हणे, "शशिकांत, सांभाळ रे बाबा. मीपण छत्रीच धरत होतो." लोकांचं पोट किती दुखावं याला काही मर्यादा?

१४ फेब्रुवारी, रविवार
प्रगती झपाट्याने. शिवजयंतीचं अध्यक्षीय भाषण मी लिहिलं. पद्माकररावांनी त्यातलं एक वाक्य ठेवलं. ("जमलेल्या बंधुभगिनींनो.") खुर्च्या आता मोहनकडे. त्याला रचता येत नाहीत, दोनदा कोसळल्या. हे बघताना मला वाईट वाटलं, पण फार नाही.
आज व्हॅलेंटाइन म्हणून आशाने दोघांसाठी टेबल बुक केलं होतं. तेवढ्यात मेडनहेडहून फोन: बॉयलर बंद पडलाय. दिवसभर पद्माकररावांच्या स्वयंपाकघरात प्लंबरची वाट बघत बसलो. ते वर गोधडीत. प्लंबर आलाच नाही, पण माझी निष्ठा दिसली.
आशा आणि सीमा त्या टेबलावर जाऊन जेवून आल्या. छान होतं म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

२७ मार्च, शनिवार
मंडळाचा गुढीपाडवा. गुढीला पडद्याचा रॉड. कार्यक्रम उत्तम झाला, म्हणजे पद्माकरराव कोणावर ओरडले नाहीत.
नंतर त्यांना घरी सोडलं. म्हणाले, "ये, चहा घे." चहा झालाच नाही. त्यांनी फ्रीजमधून लझान्याचा डबा काढला, मायक्रोवेव्हमध्ये फिरवला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ला. पाडव्याच्या दिवशी! मग फ्रीजकडे बघत म्हणाले, "श्रीखंडही आहे. पण एकट्याने श्रीखंड खायचं म्हणजे औषध घेतल्यासारखं वाटतं."
माझ्या अंगावर काटा आला. राजाला काय हवंय ते राजाच्या आधी मला कळलं होतं.
राणी हवी.

२८ मार्च, रविवार
पुस्तकात बघितलं. तंतोतंत! क्रॉमवेलनेच हेन्रीसाठी जर्मनीत स्थळ शोधलं. चित्रकार पाठवून मुलीचं चित्र काढून आणलं. राजा चित्रावर खूश.
इतक्यात सीमा आली. "बाबा, बुक दे. माझा एसे ड्यू आहे."
म्हटलं, थोडीच पानं राहिलीत.
"तू शेवट नाही वाचली?"
म्हटलं, सांगू नकोस, मजा जाते. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि पुस्तक घेऊन गेली. हरकत नाही. मी आधीच पुढच्या एका चित्राखालची ओळ वाचून ठेवली होती: 'अर्ल ऑफ एसेक्स, एप्रिल १५४०.' म्हणजे आधी स्थळ, मग पदवी. मधले तपशील काय, कोणीही भरेल.

४ एप्रिल, रविवार
स्थळ मिळालं. आमच्याच घरातून! आशाची कॉलेजातली मैत्रीण, डॉ. यमुना. एडिनबऱ्याला मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं काम. वय सेहेचाळीस. शिक्षण, नोकरी, आजारी वडील, यात लग्न राहून गेलं. आशाने फोनवर विचारलं तर म्हणाली, बघायला काय हरकत आहे.
फोन ठेवल्यावर आशा मला म्हणाली, "ती सरळ बोलणारी आहे हं. जे आहे ते सांगा. पदरचं काही घालू नका."
म्हटलं, मी कधी घालतो?
आशाने कुकर लावला.

१८ एप्रिल, रविवार
यमुनाबाईंचा फोटो आला. रेनकोट, वाऱ्याने केस उभे, मागे किल्ला, चेहऱ्यावर 'काढा एकदाचा' असा भाव. खरा फोटो. लग्नाच्या फोटोत हा मोठाच दोष.
पद्माकररावांनी बराच वेळ पाहिला. मी म्हटलं, "लाजाळू आहेत. अबोल."
"मोठ्यांचा मान ठेवणारी?"
"त्याबाबतीत तर विचारूच नका." (मी यमुनाबाईंशी अजून एक शब्दही बोललेलो नाही. त्या अर्थी माझ्याशी तरी त्या अबोलच आहेत.)
आता यांचा फोटो. मागच्या गणपतीतले चाळले. एकात तोंडात मोदक. एकात हनुवटी किती आहेत ते मोजता येत नाही. एकात डोक्यामागे 'एक्झिट'ची पाटी. शेवटी मंडळाच्या जुन्या अल्बममध्ये सापडला: ट्रॅफल्गार स्क्वेअर, साल १९६९. दाट केस, कल्ले, बेलबॉटम, खांद्यावर कबूतर. आणि कंबर! पद्माकररावांना कंबर होती!
तोच धाडला. साल लिहिलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. वय 'पन्नाशीच्या आसपास'. छप्पन्न पन्नाशीच्या आसपास नाही तर काय शंभरीच्या?
आशाला सांगितलं नाही. तिला कलेतलं कळत नाही. त्या चित्रकारानेही एकोणीस-वीस केलंच असेल की.

१ मे, शनिवार
ठरलं! पुढच्या शनिवारी कांदेपोहे, आमच्या घरी. रीत म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीकडे जायचं, पण पद्माकरराव एडिनबऱ्यापर्यंत जायला तयार नाहीत. म्हणून एका दिवसापुरतं आमचं घर हे यमुनाबाईंचं माहेर. ही कल्पना माझी.
पद्माकररावांचा फोन: "शशिकांत, मी रीडिंग स्टेशनवर येतो. आधी लांबून बघतो. ओळख द्यायची नाही."
कॅप आणि लांब कोट घालून येणार म्हणे. राजे लोकांना अशी हौस असायचीच. मला तर रोमँटिक वाटलं.

८ मे, शनिवार, सकाळ
आजचा दिवस मोठा. बिल्ला इस्त्री करून लावला. आशा कांदे चिरतेय. उपाध्यक्षपद आता पोह्यांच्या अंतरावर.

८ मे, संध्याकाळ
आडवा पडून लिहितोय. क्रमाने लिहितो, म्हणजे माझी चूक नव्हती हे मलाच दिसेल.
गाडी वेळेवर आली. यमुनाबाई एकाच बॅगेनिशी ताठ उतरल्या. बिल्ल्यावरून मला ओळखलं. पद्माकरराव पेपर तोंडापुढे धरून खांबाआड उभे होते, पण उत्सुकता आवरेना, सरकत सरकत माझ्या शेजारीच आले. यमुनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कॅप, पांढऱ्या मिशा, पोट. हसल्या. बॅग खाली ठेवली आणि भर प्लॅटफॉर्मवर वाकून त्यांच्या पाया पडल्या.
"नमस्कार करते. आईनं बजावलंय, मुलाचे वडील दिसले की आधी वाकायचं."
आता पद्माकरराव म्हणजे दर गणपतीला अर्ध्या बर्कशरचा नमस्कार घेणारा माणूस. समोर कोणी वाकलं की यांचा हात आपोआप वर जातो. गेला. आणि तोंडातून निघालं, "सुखी राहा, बाळ."
बाळ!
आम्ही तिघेही उभे. वर लाउडस्पीकरवर स्विंडनची गाडी उशिरा येतेय म्हणून क्षमा मागणं चाललं होतं.
"पद्माकर नाही आले?" यमुनाबाईंनी विचारलं.
दुसरा कोणी इथे गडबडला असता. माझं प्रसंगावधान शाबूत होतं. म्हटलं, "येतील मागून. हे... हे वडीलच."
पद्माकररावांनी माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी पूर्वी फक्त हरीशकडे पाहिलं होतं.
घरी आशा दारात आली. तिने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आशा, हे पद्माकररावांचे वडील." ती आल्या पावली स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडल्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.
पण गंमत बघा. पोहे खाता खाता दोघांचं जमलं! वडिलांनी विचारलं, भूल देणं अवघड असतं का. त्या म्हणाल्या, "भूल सोपी. शुद्धीवर आणणं अवघड. आणि तुमचे डेंटिस्ट चिरंजीव देतात ती काय भूल? नुसती समजूत घालणं."
पद्माकरराव हसले. खरोखर हसले. पुन्हा पोहे मागितले.
मग यमुनाबाई जरा पुढे वाकून म्हणाल्या, "खरं सांगा हं. मुलगा कसा आहे तुमचा?"
पद्माकररावांनी बशीकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "तापट आहे. हट्टी आहे. एकटा जेवतो. ते काही बरं नाही."
यमुनाबाईंचा चेहरा मऊ झाला होता. हे इथेच थांबलं असतं तर मी आज अर्ल असतो.
इतक्यात सीमा नेटबॉलहून आली. "हाय पद्माकर अंकल! कॅप नाइस आहे!"
यमुनाबाईंनी बशी खाली ठेवली. पर्समधून फोटो काढला. कबुतराकडे पाहिलं, पद्माकररावांकडे पाहिलं, परत कबुतराकडे. आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.
"हा फोटो कुणी पाठवला?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सीमानेसुद्धा, आणि तिला तर काहीच माहीत नव्हतं.
पद्माकरराव उठले, कोट घातला, निघून गेले. दुसरी बशी अर्धी तशीच.
निष्कर्ष: मुलगी हसली. मुलगी हसणं हा चांगला शकुन.

९ मे, रविवार
आशा बोलत नाही. सीमा बोलते, ते जास्त वाईट.
"बाबा, सेम झाली होती! हेन्री डिसगाइज करून तिला बघायला गेला आणि तिनं ओळखलंच नाही. ही वॉज सो हर्ट."
म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाली, तूच म्हणालास सांगू नको.
"आणि मग क्रॉमवेलला अर्ल केलं ना?"
"हो, केली."
बघा!
"आणि त्याच समरमध्ये त्याची डोकं उडवली."
ते सोळावं शतक होतं. आता मंडळाला घटना आहे.

२३ मे, रविवार
पद्माकरराव फोन उचलत नाहीत. कामात असतील.
आशा मात्र एडिनबऱ्याशी दार लावून बोलते. आतून हसण्याचा आवाज. दोनदा 'कबूतर' ऐकू आलं. शेवटी विचारलंच. म्हणाली, "मी यमुनाची माफी मागितली. आणि सगळं खरं सांगितलं. वय, राग, लझान्या, सगळं. पद्माकररावांनाही फोन केला."
"एवढं सगळं सांगायची काय गरज होती?"
"तुम्ही सांगितलं असतंत तर नसती पडली."
मला विश्वासात घेतल्याशिवाय परराष्ट्र धोरण चालवलं जातंय. नोंद करून ठेवतो.

१२ जून, शनिवार
कमिटी मीटिंग. पोचलो तर माझ्या जागेवर हरीश. वाटलं, माणूस शिकायला आलाय.
पद्माकरराव म्हणाले, "एकच विषय. ज्या माणसाने मला माझ्याच पोह्यांना माझा बाप करून बसवलं, त्याच्याकडे मंडळाचा कारभार नको."
सगळे बिस्किटांचं निरीक्षण करू लागले. मी उठून म्हटलं, "साहेब, हेतू बघा..." तोवर मोहन येऊन बिल्ला काढू लागला. पिन स्वेटरमध्ये अडकली. त्याने ओढली. धागा कोपरापर्यंत उसवत आला. मी शांतपणे एवढंच म्हणालो, "मोहन, हळू."
हा निर्णय रागाच्या भरातला आहे, टिकणार नाही. सीमा म्हणते, हेन्रीलाही नंतर पश्चात्ताप झाला होता. किती नंतर, ते मी विचारलं नाही.

१५ ऑगस्ट, रविवार
मोठी बातमी! पद्माकरराव एडिनबऱ्याला गेलेत. फेस्टिव्हल बघायला म्हणे. ज्या माणसाला मंडळाच्या नाटकात पहिल्या अंकात झोप लागते तो! आशाकडून कळलं की यमुनाबाई त्यांना 'मामंजी' म्हणून हाक मारतात आणि ते चिडत नाहीत.
म्हणजे योजना यशस्वी झाली. योजना कोणाची? माझी. फोटो चुकला असेल, स्थळ चुकलं नाही. हे पद्माकररावांच्या लक्षात आलं असणारच. मोठी माणसं असं फोनवर बोलत नाहीत, सभेत बोलतात.
आभाराच्या भाषणाचा मसुदा सुरू. चीज: भाषण लिहिताना लागतं.

२५ सप्टेंबर, शनिवार
गणपती आणि सर्वसाधारण सभा. नवा ब्लेझर. दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची, उठायला सोपी.
पद्माकरराव उभे राहिले. शेजारी यमुनाबाई. नोव्हेंबरात एडिनबऱ्याला लग्न, सर्वांना आमंत्रण. टाळ्या. मग म्हणाले, "हे जमलं ते इथे बसलेल्या एका व्यक्तीमुळे."
मी उठलो. ब्लेझरचं बटण लावलं.
"जिने आम्हा दोघांना खरं काय ते सांगितलं. उपाध्यक्षपदासाठी मी आशाताईंचं नाव सुचवतो."
प्रचंड टाळ्या. आशा शेवटच्या रांगेत प्रसादाचे द्रोण भरत होती, तिला हात पुसायलाही वेळ मिळाला नाही. मी अजून उभाच होतो. हरीशने वर पाहिलं, मान डोलावली आणि वृत्तांतात लिहिलं: अनुमोदन, शशिकांत. मंजूर.

२६ सप्टेंबर, रविवार
रात्रभर विचार केला. लोक समजतात तसा हा पराभव नाही. उपाध्यक्षपद शेवटी आमच्याच घरात आलं. खुद्द क्रॉमवेलची सत्तेशी एवढी जवळीक नव्हती; तो राजाच्या घरी राहत नव्हता.
सकाळी बाजारात जाताना गाडीत आशाला सहज विचारलं, दिवाळीच्या कार्यक्रमात मला कोणतं खातं द्यायचा विचार आहे? म्हटलं, अनुभवी माणूस हाताशी असलेला बरा.
खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "चपला."
मी मोठ्यांदा हसलो. म्हटलं, उपाध्यक्ष झाल्यापासून विनोदही करायला लागलीस.
"हसताय काय? हॉलच्या दारात नुसता ढीग होतो. मागच्या दिवाळीला मोहन दोन्ही डाव्या पायाचे बूट घालून घरी गेला. आणि अहो, समोर बघा, सिग्नल कधीचा हिरवा झालाय."